अनंत सदाशिव अळतेकर

डॉ. अनंत सदाशिव अळतेकर (जन्म : २४ सप्टेंबर १८९८, म्हाकवे, कोल्हापूर, मृत्यू : २५ नोव्हेंबर १९६०) हे प्राचीन भारताचे इतिहासकार, पुरातत्त्वज्ञ आणि नाणकशास्त्रज्ञ होते. गुप्तकालीन सुवर्णनाण्यांचे अभ्यासक म्हणून त्यांची विशेष ख्याती आहे. बनारस हिंदू विद्यापीठ आणि पाटणा विद्यापीठ येथे ते प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती या विषयाचे प्राध्यापक होते. नाणेसंग्राहक आणि संशोधक यांना एकत्र आणणाऱ्या 'न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडिया' (भारतीय मुद्रा परिषद) या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. भरतपूर संस्थानात सापडलेल्या बयाना नाणेनिधीची त्यांनी तयार केलेली सूची या विषयातील मूलभूत ग्रंथ मानली जाते. हिंदी ग्रंथांत त्यांचे आडनाव 'अल्तेकर' असे लिहिले जाते.

जीवन

अळतेकरांचा जन्म तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील म्हाकवे या गावी झाला. एम.ए., एल्एल.बी. आणि डी.लिट्. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. संस्कृत वाङ्मय, धर्मशास्त्र आणि शिलालेख यांचा व्यासंग आणि त्याच्या जोडीला कायद्याचे शिक्षण, अशी त्यांची बौद्धिक घडण होती. पुरावा तपासताना साक्ष कोणाची, किती जुनी आणि तिला दुसरा आधार कोणता, हे पाहण्याची त्यांची पद्धत त्यांच्या सर्व लेखनात दिसते.

पश्चिम भारतातील ग्रामसंस्थांच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२७ साली प्रसिद्ध झाला. राखालदास बॅनर्जी यांच्या निधनानंतर १९३० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील मणींद्रचंद्र नंदी प्राध्यापकपदावर त्यांची नेमणूक झाली. पुढील सुमारे दोन दशके त्यांनी काशीस अध्यापन केले. १९४९ मध्ये ते पाटणा विद्यापीठात गेले. तेथील काशीप्रसाद जायसवाल संशोधन संस्थेचे संचालकपदही त्यांच्याकडे होते. पाटणा हीच अखेरपर्यंत त्यांची कर्मभूमी राहिली.

भारतीय मुद्रा परिषद

भारतात नाण्यांचा अभ्यास विद्यापीठांच्या आधी संग्राहकांनी सुरू केला. मुलकी अधिकारी, मिशनरी, वकील, सराफ आणि शिक्षक यांच्या खाजगी पेट्यांत नाणी जमत होती. संग्राहकाच्या मृत्यूनंतर ती विखुरली जात किंवा विकली जात. या मंडळींना एकत्र आणण्यासाठी २८ डिसेंबर १९१० रोजी अलाहाबाद येथे सहा जणांनी न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना केली. त्यांत एच. नेल्सन राइट, रिचर्ड बर्न, अहमदाबादचे रेव्हरंड जी. पी. टेलर आणि मुंबईचे संग्राहक फ्रामजी ठाणावाला यांचा समावेश होता. आरंभी संस्थेवर ब्रिटिश अधिकाऱ्यांचा प्रभाव होता. पुढे भारतीय अभ्यासकांची संख्या वाढत गेली. १९३९ पासून संस्थेचे स्वतंत्र नियतकालिक निघू लागले आणि कालांतराने तिचे कार्यालय बनारस हिंदू विद्यापीठात स्थिरावले.

अळतेकरांनी १९४७ साली संस्थेचे अध्यक्षपद स्वीकारले. देश स्वतंत्र होत होता, संस्थाने विलीन होण्याच्या मार्गावर होती आणि संस्थानिकांच्या खजिन्यांतील जुन्या नाण्यांचे भवितव्य अनिश्चित होते. अशा काळात संस्थेचे काम केवळ हौशी लोकांच्या भेटीगाठींपुरते राहून चालणार नव्हते. वेगवेगळ्या शहरांत भरणाऱ्या वार्षिक अधिवेशनांत सभासद आपापली नाणी आणीत. नाण्याचे वजन, आकार, धातू, दोन्ही बाजूंवरील चिन्हे आणि अक्षरे यांची नोंद होऊन त्याचे छायाचित्र नियतकालिकात छापले जाई. अशी नोंद झालेले नाणे पुढे विकले गेले किंवा हरवले, तरी त्याची साक्ष अभ्यासकांपुढे शिल्लक राही. सभासदांच्या संग्रहातील नवी व दुर्मीळ नाणी प्रकाशात आणणारी अनेक टिपणे अळतेकरांनी स्वतः लिहिली.

महाराष्ट्रातील निधींनाही या नियतकालिकाने स्थान दिले. तत्कालीन अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली सातवाहनांच्या पोटीन या मिश्रधातूच्या नाण्यांचा मोठा संचय सापडला. त्यावरील वा. वि. मिराशी यांचा लेख याच नियतकालिकात आला. त्यातून पुराणांत केवळ नावाने उल्लेखिलेल्या व तेथे न आढळणाऱ्याही सातवाहन राजांची माहिती मिळाली.

बयाना नाणेनिधी

फेब्रुवारी १९४६ मध्ये भरतपूर संस्थानातील बयान्याजवळच्या हुल्लनपूर या गावच्या हद्दीत सुवर्णनाण्यांनी भरलेले तांब्याचे भांडे सापडले. त्यात सुमारे २,१०० नाणी असावीत. बातमी दरबारापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांतील सुमारे २८५ नाणी वितळवली गेली किंवा नाहीशी झाली. उरलेली १,८२१ नाणी दरबाराने ताब्यात घेतली. गुप्त सम्राटांच्या सुवर्णनाण्यांचा एवढा मोठा संचय तोपर्यंत कोठेही मिळालेला नव्हता. त्याचा अभ्यास करण्याचे काम अळतेकरांकडे आले.

या संचयात दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३ आणि पहिल्या कुमारगुप्ताची ६२८ नाणी होती. समुद्रगुप्त, पहिला चंद्रगुप्त आणि काच यांचीही नाणी होती. स्कंदगुप्ताचे मात्र एकच नाणे मिळाले. त्यावरून हा निधी स्कंदगुप्ताच्या कारकिर्दीच्या आरंभी पुरला गेला असावा असे अनुमान निघते. त्या काळातील हूणांच्या आक्रमणाशी आणि राजकीय अस्थिरतेशी त्याचा संबंध जोडला जातो.

गुप्त नाण्यांवर कडेने गोलाकार छंदोबद्ध संस्कृत लेख असतो. नाणे पाडण्याचा ठसा पुष्कळदा सोन्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे एका नाण्यावर लेखाचा आरंभ उमटे, दुसऱ्यावर मध्य, तर तिसऱ्यावर शेवटची काही अक्षरे. एकेकटे नाणे बाळगणाऱ्या संग्राहकाला म्हणूनच त्यावरील श्लोक पूर्ण वाचता येत नसे. बयाना निधीत एकाच प्रकारची शेकडो नाणी शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधी प्रथमच मिळाली. अळतेकरांनी तुटक अक्षरे जुळवून अनेक लेखांचे वाचन पूर्ण केले किंवा आधीचे वाचन दुरुस्त केले. प्रत्येक राजाच्या नाण्यांचे प्रकार, उपप्रकार आणि भेद त्यांनी वेगळे केले आणि प्रत्येक नाण्याचे वजन व मोजमाप नोंदवले.

धनुर्धर, अश्वारूढ, सिंहनिहंता, छत्र आणि अश्वमेध या ज्ञात प्रकारांबरोबर काही अपूर्व नाणीही या निधीत मिळाली. दुसऱ्या चंद्रगुप्ताचे चक्रविक्रम प्रकारचे नाणे तोपर्यंत अज्ञात होते. त्यावर राजा चक्रपुरुषाकडून प्रसाद स्वीकारताना दाखवला आहे. गुप्त सम्राटांच्या वैष्णव भक्तीचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला. कुमारगुप्ताच्या गेंड्याची शिकार, वीणावादन आणि कार्तिकेय या प्रकारांमुळे त्याच्या टाकसाळीतील कलेचे वैविध्य स्पष्ट झाले.

या निधीची सचित्र सूची भारतीय मुद्रा परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केली. निधीतील नाणी नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात व अन्य संग्रहालयांत विभागली गेली. मूळ संचय एकत्र कसा होता हे आज या सूचीमुळेच समजते. वितळवल्या गेलेल्या नाण्यांत कोणते प्रकार होते, हे मात्र कधीच कळणार नाही.

गुप्त नाण्यांविषयीची मते

परिषदेने आखलेल्या भारतीय नाण्यांच्या ग्रंथमालेतील गुप्त साम्राज्यावरील खंड अळतेकरांनी लिहिला. तो १९५७ मध्ये प्रकाशित झाला. तत्पूर्वी १९५४ साली बिहार राष्ट्रभाषा परिषदेने त्यांचा 'गुप्तकालीन मुद्राएँ' हा हिंदी ग्रंथ काढला होता. इंग्रजी न जाणणाऱ्या वाचकांना आणि संग्राहकांना हा विषय त्यामुळे खुला झाला.

पहिला चंद्रगुप्त आणि लिच्छवी राजकन्या कुमारदेवी यांच्या प्रतिमा असलेली नाणी कोणी पाडली, हा जुना वाद आहे. ब्रिटिश संग्रहालयाच्या १९१४ च्या सूचीत जॉन अॅलन यांनी ही नाणी समुद्रगुप्ताने मातापित्यांच्या स्मरणार्थ पाडली असे मत मांडले होते. अळतेकरांना ते मान्य नव्हते. ही नाणी खुद्द पहिल्या चंद्रगुप्ताच्या काळातील असून लिच्छवींचे नाव त्यांवर येण्यामागे दोन सत्तांचे एकत्र येणे हे कारण आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

रामगुप्ताचा प्रश्न

गुप्त वंशावळीत समुद्रगुप्तानंतर दुसरा चंद्रगुप्त येतो. विशाखदत्ताच्या 'देवीचंद्रगुप्त' या लुप्त नाटकाचे काही अंश नाट्यशास्त्रीय ग्रंथांतून उजेडात आल्यावर वेगळीच कथा पुढे आली. तीनुसार चंद्रगुप्ताचा वडील बंधू रामगुप्त गादीवर होता. शकांच्या वेढ्यात सापडल्यावर तो आपली राणी ध्रुवदेवी शत्रूच्या स्वाधीन करण्यास तयार झाला. चंद्रगुप्ताने स्त्रीवेषात जाऊन शकाधिपतीला ठार केले, पुढे भावाचा वध केला आणि राणीशी विवाह केला.

अनेक इतिहासकारांनी ही कविकल्पना मानली. अळतेकरांनी १९२८ साली एक लेख लिहून रामगुप्त हा ऐतिहासिक राजा असल्याचे मत मांडले. बाणभट्टाच्या हर्षचरितातील उल्लेख आणि राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या संजाण ताम्रपटातील बंधुवधाचा निर्देश हे त्यांचे आधार होते. आक्षेप एकच, पण भक्कम होता : या राजाचा ना शिलालेख होता, ना नाणे.

पुढे विदिशा (भेलसा) परिसरातून रामगुप्ताच्या नावाची लहान तांब्याची नाणी मिळाली. परमेश्वरीलाल गुप्त यांनी ती परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सुवर्णनाण्यांच्या तुलनेत ही नाणी क्षुल्लक दिसणारी आणि झिजलेली होती. बाजारात त्यांना फारशी किंमत आली नसती. तरीही एका वादग्रस्त राजाच्या अस्तित्वाचा पहिला भौतिक पुरावा म्हणून त्यांकडे पाहिले गेले. ही नाणी माळव्यातील एखाद्या स्थानिक अधिपतीची असावीत, असा प्रतिवादही झाला. अळतेकरांच्या निधनानंतर, १९६९ मध्ये, विदिशेजवळील दुर्जनपूर येथे महाराजाधिराज रामगुप्ताचे नाव कोरलेल्या जैन मूर्ती सापडल्या. त्यानंतर रामगुप्ताच्या अस्तित्वाविषयीच्या त्यांच्या मताला मोठे बळ मिळाले. नाटकातील प्रसंग कितपत खरे, हा प्रश्न मात्र स्वतंत्र आहे आणि त्याविषयी मतभेद कायम आहेत.

उत्खनने

जायसवाल संशोधन संस्थेतर्फे १९५१ ते १९५५ या काळात पाटण्याजवळील कुम्रहार येथे अळतेकरांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. याच जागी मुंबईचे उद्योगपती सर रतन टाटा यांच्या अर्थसाहाय्याने डी. बी. स्पूनर यांनी पूर्वी मौर्यकालीन स्तंभयुक्त सभागृह शोधले होते. नव्या उत्खननात आणखी स्तंभांच्या जागा निश्चित झाल्या. तसेच गुप्तकालीन आरोग्यविहाराचे, म्हणजे भिक्षुसंघाशी निगडित रुग्णालयाचे, अवशेष व मुद्रा मिळाल्या. विजयकांत मिश्र यांच्या सहकार्याने लिहिलेला या उत्खननाचा अहवाल १९५९ मध्ये निघाला.

वैशाली येथे १९५७-५८ मध्ये त्यांनी एका प्राचीन स्तूपाचे उत्खनन केले. मूळचा हा मातीचा स्तूप पुढील काळात विटांनी वाढवलेला आढळला. त्यातील दगडी करंडकात रक्षेबरोबर एक लहान शंख, दोन काचेचे मणी, सोन्याच्या पत्र्याचा तुकडा आणि तांब्याचे एक आहत नाणे होते. बुद्धाच्या अस्थींचा जो वाटा लिच्छवींना मिळाला, त्यावर उभारलेला हाच स्तूप होय, असे मत अळतेकरांनी मांडले.

अन्य लेखन

'राष्ट्रकूट आणि त्यांचा काळ' या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३४ मध्ये पुण्यात प्रकाशित झाला. राष्ट्रकूट हे मराठीभाषक होते असे काही महाराष्ट्रीय अभ्यासकांचे मत होते. अळतेकरांनी उपलब्ध लेखांच्या आधारे त्यांची मातृभाषा कन्नड असल्याचा निष्कर्ष काढला. प्रादेशिक अभिमानापेक्षा लेखी पुराव्याला दिलेले हे प्राधान्य उल्लेखनीय आहे. रमेशचंद्र मजुमदार यांच्यासह त्यांनी वाकाटक व गुप्त युगावरील ग्रंथाचे संपादन केले (१९४६). प्राचीन भारतातील शिक्षण (१९३४) आणि राज्यसंस्था (१९४९) यांवरील त्यांचे ग्रंथ अनेक विद्यापीठांत दीर्घकाळ अभ्यासले गेले.

हिंदू संस्कृतीतील स्त्रियांच्या स्थानाचा इतिहास त्यांनी १९३८ साली लिहिला. वैदिक काळातील स्त्रियांचे स्थान पुढे कसे खालावत गेले, याची उपनयन, शिक्षण, विवाहवय आणि संपत्तीचे हक्क यांच्या आधारे त्यांनी मांडणी केली. या ग्रंथाचा प्रभाव मोठा होता. उमा चक्रवर्ती यांच्यासारख्या पुढील काळातील इतिहासकारांनी त्याची कठोर चिकित्सा केली. उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवरून सर्व स्त्रियांविषयी अनुमाने काढली गेली आणि दासी व श्रमिक स्त्रिया अभ्यासाबाहेर राहिल्या, हा त्यांचा मुख्य आक्षेप आहे.

महत्त्व

अळतेकरांच्या कार्यामुळे गुप्त नाण्यांचे वर्गीकरण एका निश्चित चौकटीत आले. नंतर सापडलेल्या नाण्यांमुळे त्यांचे काही निष्कर्ष बदलले, तथापि नव्या नाण्याचा प्रकार ठरवताना अभ्यासक आजही बयाना सूचीशी तुलना करतात. भारतीय मुद्रा परिषदेत विद्यापीठीय संशोधक आणि हौशी संग्राहक यांना त्यांनी एकाच कामात गुंतवले. नाण्याचे मोल त्यातील सोन्यावर नव्हे, तर ते कोठे, कशासोबत आणि कोणत्या स्थितीत सापडले याच्या नोंदीवर अवलंबून असते, ही दृष्टी त्यांच्या नाणकशास्त्रीय लेखनाचे मुख्य वैशिष्ट्य होय.