महाबळेश्वर नाही, माथेरान नाही : या गोऱ्या साहेबाचा चार वर्षांचा मुक्काम नळदुर्गच्या किल्ल्यात होता

मे महिना आला की धाराशिव, तुळजापूर, उमरग्यातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. यंदा कुठं जायचं? पारा चाळिशीच्या पुढं गेलेला असतो, शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात आणि मग कुणीतरी महाबळेश्वरचं नाव काढतं. वेण्णा लेकला बोटिंग, घोड्यावरून रपेट, संध्याकाळी पॉइंटवर सूर्यास्त आणि येताना स्ट्रॉबेरीचा जॅम. कार्यक्रम ठरलेला.

ही सवय आपल्याला लावली इंग्रजांनी. मुंबईचा उकाडा सोसेना म्हणून गव्हर्नर जॉन माल्कम यानं १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसवलं. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला आणि तिथंही बंगले उभे राहिले. आजही लॉडविक, ऑर्थर, लुईझा अशी साहेब-मडमांची नावं त्या पॉइंटांना चिकटलेली आहेत ती त्यामुळंच.

पण त्याच काळात एक इंग्रज अधिकारी असा होता की ज्याचं बिऱ्हाड थंड हवेच्या ठिकाणी नव्हतं, तर आपल्या नळदुर्गात होतं. १८५३ ते १८५७ अशी चार वर्षं. नाव फिलिप मेडोज टेलर.

टेलरचा जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. वडील व्यापारी, पण धंद्यात खोट आलेली. म्हणून १८२४ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी पोराला मुंबईत एका व्यापाऱ्याच्या पेढीवर पाठवून दिलं. इथं येऊन बघतो तर ती पेढीच डबघाईला आलेली. शेवटी एका नातेवाइकाच्या ओळखीनं त्याला हैदराबादच्या निजामाच्या फौजेत नोकरी मिळाली.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला पाहिजे. टेलर कंपनी सरकारचा अस्सल सनदी नोकर कधीच नव्हता. कंपनीच्या साहेबांना मिळणारा मान, बढत्या आणि पेन्शन यांच्या बाबतीत तो कायम अर्धा आत, अर्धा बाहेर. हिल स्टेशनवरच्या क्लबात कोण कुणाच्या शेजारी बसणार हे ज्या हुद्द्यांवर ठरायचं, तसला हुद्दा त्याच्याकडं नव्हता. त्यातून त्यानं लग्न केलं हैदराबादचा सावकार विल्यम पामर याच्या मुलीशी, मेरीशी. पामरची आई हिंदुस्थानी. गोऱ्यांच्या त्या काळच्या समाजात याची कुजबूज होणारच.

या माणसानं वेळ घालवला तो भाषा शिकण्यात. शाळा अर्धवट सुटलेली, पण कायदा, जमीन मोजणी, भूगर्भशास्त्र, चित्रकला हे सगळं तो स्वतःच शिकत गेला. विशीतच त्याला निजामाच्या नैर्ऋत्य भागात पोलिसाचं काम मिळालं. वाटसरू नाहीसे होतात, प्रेतं सापडतात, यामागं काहीतरी संघटित प्रकार आहे असा त्याला वास आला. तपास पुढं जाणार तेवढ्यात त्याला परत पलटणीत बोलावलं गेलं. पुढं ठगांचा बंदोबस्त केल्याचं श्रेय कर्नल स्लीमनला मिळालं. टेलरच्या हाती राहिल्या त्या ठगांच्या जबान्या. त्यातून त्यानं १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली. ती इंग्लंडात इतकी गाजली की खुद्द राणी व्हिक्टोरियाला तिची उत्सुकता लागली होती. हिंदुस्थान म्हणजे रुमालानं गळा आवळणाऱ्यांचा देश, हे चित्र युरोपात पसरवण्यात या पुस्तकाचा मोठा हात आहे, हेही सांगायला पाहिजे.

१८४१ मध्ये त्याला शोरापूर संस्थानात पाठवलं. आजचं कर्नाटकातलं सुरपूर. तिथला राजा वारला, गादीवर लहानगा वेंकटप्पा नायक. टेलर त्याचा पालक झाला. पोरगं त्याला अप्पा म्हणायचं. याच काळात टेलरची बायको वारली. बारा वर्षं त्यानं तो मुलगा आणि ते संस्थान सांभाळलं. १८५३ मध्ये राजा जाणता झाला, कारभार त्याच्या हाती गेला आणि टेलरचं तिथलं काम संपलं.

नेमक्या त्याच वर्षी निजामाकडं थकलेल्या फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांनी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख आपल्या ताब्यात घेतला. नळदुर्ग जिल्हा टेलरकडं आला.

त्यानं मुक्काम ठोकला तो थेट किल्ल्यातल्या बंगल्यात. ज्यांनी नळदुर्ग पाहिलाय त्यांना यातली गंमत कळेल. बालाघाटच्या पठाराचा एक तुकडा बोरी नदीच्या दरीत पुढं सरकलेला, दोन बाजूंनी नदी, खाली काळ्या बेसाल्टचे सरळ कडे आणि वर बुरुजांची रांग. समोरच्या रणमंडळाला किल्ला जोडणारा दगडी बंधारा. या बंधाऱ्याच्या पोटात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, महाल बांधला. तोच पाणीमहाल. पावसाळ्यात बोरी भरून आली की नर आणि मादी हे दोन धबधबे खिडकीसमोरून कोसळतात आणि आतल्या माणसाच्या अंगावर थेंब येत नाही. टेलरनं आत्मचरित्रात या किल्ल्याचं आणि बंधाऱ्याचं सविस्तर वर्णन केलंय. किल्ला आवडल्याशिवाय माणूस इतक्या बारकाईनं लिहीत नाही.

अर्थात तो इथं हवापालटाला आलेला नव्हता. जमिनीची मोजणी, सारा ठरवणं, रस्ते, तंटे असं सगळं त्याच्या अंगावर होतं. गावोगाव फिरायचं तर घोड्यावरून. इथंच त्याला तुळजापूर जवळून दिसलं. भवानीचं देऊळ, पुजाऱ्यांची घरं, यात्रेची गर्दी.

१८५७ ला उत्तरेत बंड पेटलं आणि टेलरची बदली वऱ्हाडात झाली. नळदुर्ग सुटलं ते तेव्हा.

पुढच्याच वर्षी शोरापूरहून बातमी आली. वेंकटप्पा नायकानं इंग्रजांविरुद्ध हत्यार उपसलं होतं. राजा पकडला गेला. ज्याला मांडीवर खेळवलं त्याला टेलरनं कैदेत जाऊन भेटलं. फाशीची शिक्षा आधी काळ्या पाण्यावर आली आणि शेवटी चार वर्षांच्या कैदेवर. राजा कदाचित परत गादीवरही बसला असता. पण चेंगलपट्टूच्या तुरुंगाकडं जाताना वाटेतच गोळी लागून तो गेला. इंग्रजी नोंदी सांगतात की सोबतच्या अधिकाऱ्याचं पिस्तूल घेऊन त्यानं स्वतःवरच झाडून घेतलं. चोविसाव्या वर्षानंतर हा जगणार नाही असं त्याच्या पत्रिकेत होतं, हे टेलरला आधीपासून माहीत होतं.

१८६० मध्ये टेलर प्रकृती ढासळल्यामुळं मायदेशी गेला. त्याच वर्षी नळदुर्गचा मुलूखही निजामाला परत मिळाला. जिल्ह्याला मात्र पुढं कित्येक वर्षं नळदुर्ग जिल्हा असंच म्हणत.

तिकडं बसून त्यानं १८६३ मध्ये ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. नायिका आहे तुळजापूरच्या पुजाऱ्याची विधवा लेक आणि कथानक जातं ते अफझलखानाच्या वधापर्यंत, म्हणजे प्रतापगडावर. आज महाबळेश्वरला गेलेली मंडळी अर्ध्या दिवसाची ट्रिप म्हणून बघून येतात, तोच हा गड. एकशे सत्तावन्न नव्हे, तर १६५७, १७५७ आणि १८५७ असे शंभर-शंभर वर्षांचे टप्पे धरून त्यानं तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली ही पहिली. चांदबिबीवरची ‘अ नोबल क्वीन’ तर त्याच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपात आली.

म्हातारपणी डोळे जवळजवळ गेले. तरी १८७५ मध्ये सालारजंगाच्या बोलावण्यावरून तो पुन्हा हैदराबादला आला. तब्येत आणखी बिघडली, परत फिरावं लागलं. घरापर्यंत तो पोचला नाही. १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधल्या मांतों गावात त्याचं निधन झालं. आल्प्सचे डोंगर जिथं समुद्रापर्यंत उतरतात, तिथलं हे गाव. युरोपातले आजारी लोक तेव्हा हवापालटासाठी तिथंच जायचे.