पु. ल. आणि डोपामीन

पु. ल. देशपांडे हे नाव ऐकले नाही असा मराठी माणूस शोधावाच लागेल. आमच्या पिढीने त्यांना पाहिलेले नाही. ते गेले तेव्हा आम्हा कॅडेटांपैकी कोणाचा जन्मही झाला नव्हता. तरी लहानपणी ‘नाच रे मोरा’ या गाण्यावर नाचलेल्या प्रत्येकाची त्यांच्याशी ओळख आहेच, कारण ग. दि. माडगूळकरांच्या त्या गीताला चाल पु. लं.नी दिली होती. या लेखात मी त्यांचे आयुष्य थोडक्यात सांगणार आहे. ज्या आजाराने ते गेले, तो मेंदूत काय करतो हेही सांगणार आहे. तोच आजार आमच्या घरीही आहे.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. बालपण जोगेश्वरी आणि पार्ल्यात गेले. त्यांच्या आईचे वडील वामन मंगेश दुभाषी यांनी रवींद्रनाथांची गीतांजली मराठीत आणली होती. घरात वाचन होते, गाणे होते. पु. ल. लहान वयातच पेटी शिकले आणि पुढे वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या गायकांच्या साथीला बसले. १२ जून १९४६ रोजी त्यांचा सुनीताबाईंशी विवाह झाला. काही काळ ते बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापक होते. १९५३ साली आलेल्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन आणि संगीत त्यांचे होते, शिवाय नायकही तेच होते.

दिल्लीशीही त्यांचे नाते आहे. १९५५ मध्ये ते आकाशवाणीत गेले. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत भारतातील दूरचित्रवाणी सुरू झाली. त्या सुरुवातीच्या काळात पु. ल. तिथे काम करत होते आणि या नव्या माध्यमासाठी पंडित नेहरूंची पहिली मुलाखत त्यांनीच घेतली. माझे घर दिल्लीत द्वारकेला आहे. सुटीत मेट्रोने संसद मार्गाकडे गेलो की आकाशवाणी भवनाकडे बोट दाखवून बाबा हे हमखास सांगतात.

पण लोकांच्या मनात पु. ल. राहिले ते रंगमंचावरचे. ‘बटाट्याची चाळ’ या एकपात्री प्रयोगात ते एकटेच उभे राहायचे आणि अख्खी चाळ प्रेक्षकांसमोर आणायचे. एक भुवई वर गेली की एक माणूस, आवाज बदलला की दुसरा, खांदे पाडले की तिसरा. बोटे पेटीवर चालायची, चेहरा क्षणात बदलायचा, शब्द नेमक्या वेळी पडायचा. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे पद्मश्री, पद्मभूषण, महाराष्ट्र भूषण हे सन्मान आले. मिळालेला पैसा मात्र त्यांनी आणि सुनीताबाईंनी समाजाच्या कामांना दिला. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये त्यांच्याच देणगीच्या बळावर उभे राहिले.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांना पार्किन्सन्सने गाठले. १२ जून २००० रोजी पुण्यात ते गेले. त्यांचे वय ८० होते आणि त्या दिवशी त्यांच्या लग्नाला ५४ वर्षे पूर्ण झाली होती.

हा आजार कशावर घाला घालतो ते पाहिले की वाईट वाटते. हाताची बोटे मंदावतात, अक्षर बारीक होत जाते, आवाज खाली जातो, चेहऱ्यावरचे भाव हलत नाहीत. म्हणजे एका नटाची आणि वादकाची सगळी हत्यारेच.

हे का होते? आपल्या मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा छोटासा काळसर भाग असतो. तिथल्या पेशी डोपामीन हे रसायन तयार करतात आणि मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया या गटाला पुरवतात. तिथे हालचालींसाठी दोन वाटा आहेत. एक वाट ‘चल’ म्हणते, दुसरी ‘थांब’ म्हणते. डोपामीन पहिल्या वाटेला जोर देते आणि दुसरीला आवरते. त्यामुळे हवी ती हालचाल सुटते आणि नको त्या दबून राहतात. पार्किन्सन्समध्ये डोपामीनच्या पेशी हळूहळू मरत जातात. लक्षणे दिसू लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. मग ‘चल’ची वाट दुबळी पडते, ‘थांब’ची शिरजोर होते आणि पुढे थॅलॅमसवर दाब येतो. हालचालीचा मार्गच अडतो.

मित्रांनो, आपल्याला हे ड्रिलवरून चटकन समजेल. उस्ताद ‘तेज’ म्हणतात तेव्हा आपण मनाने तयार होतो, पण पाय उचलतो तो ‘चल’ ऐकल्यावरच. पार्किन्सन्सच्या रुग्णाला ‘तेज’ ऐकू आलेले असते. त्याची तयारी असते, इच्छा असते. ‘चल’ मात्र येतच नाही.

माझ्या आजोबांना सहा वर्षांपासून हा आजार आहे. ते शाळेत गणित शिकवायचे. आता लिफ्टच्या दारात त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि मागचे लोक चुळबुळ करतात. चेहरा हलत नाही म्हणून सोसायटीतल्या काहींना ते रागीट वाटतात. पण पु. लं.ची ‘म्हैस’ लावली की पुढचे वाक्य ते आधीच पुटपुटतात. चेहरा तसाच असतो, आतला माणूस मात्र हसत असतो.

त्यांच्या डॉक्टरांनी आम्हाला एक युक्ती शिकवली. आईने खोलीत जमिनीवर पावलाच्या अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवल्या. सुटीत मी आजोबांच्या शेजारी उभा राहून ‘एक-दो-एक’ मोजतो आणि अडलेला पाय उचलला जातो. याला कारण आहे. आपोआप होणाऱ्या हालचाली बेसल गँग्लियावर फार अवलंबून असतात. बाहेरून ठेका किंवा खूण मिळाली की मेंदू दुसऱ्या मार्गांनी काम काढून घेतो. परेड ग्राउंडवर कंटाळवाणी वाटणारी ती मोजणी आमच्या घरात औषधासारखी वापरली जाते.

गोळ्याही आहेत. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या आजाराचे वर्णन केले, पण कारण कळायला जवळजवळ दीडशे वर्षे गेली. स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकात डोपामीनचे महत्त्व दाखवले आणि १९६० मध्ये व्हिएन्नात रुग्णांच्या मेंदूत त्याची कमतरता सिद्ध झाली. डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, म्हणून लेव्होडोपा देतात. ते मेंदूत पोचून त्याचे डोपामीन होते. हेच लेव्होडोपा आपल्या खाजकुयलीच्या बियांमध्येही असते आणि मद्रासच्या शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच ते त्यातून वेगळे केले होते. अर्थात बिया खाऊन स्वतःच उपचार करायचे नसतात, कारण मात्रा चुकली तर अपाय होतो. गोळीने लक्षणे कमी होतात, पण पेशी मरायच्या थांबत नाहीत. तो उपाय अजून सापडायचा आहे. कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००० साली, म्हणजे पु. ल. गेले त्याच वर्षी.

आपल्याला इथे चपळाईचे धडे मिळतात. जो हळू तो आळशी, जो हसत नाही तो आखडू, असे आपण पटकन ठरवून टाकतो. पु. लं.सारख्या माणसालाही या आजाराने सोडले नाही, मग इतरांची काय कथा! तेव्हा बसमध्ये किंवा बँकेच्या रांगेत एखादे आजोबा अडकून उभे दिसले तर त्यांना ढकलू नका, हात धरून ओढूही नका. शेजारी उभे राहा आणि ठेका मोजा. मोजणी तर आपल्याला पाठच आहे.