शिष्यवृत्ती शेतीची, नोकरी मॅजिस्ट्रेटची

बंगाली रंगभूमीशी थोडाफार परिचय असलेल्यांना द्विजेंद्रलाल राय हे नाव नाटककार म्हणून माहीत असते. 'शाहजहान', 'चंद्रगुप्त', 'मेवाड पतन' ही त्यांची नाटके भारतभर पोहोचली. बंगालमध्ये त्यांची गाणी आजही शाळाशाळांतून म्हटली जातात. पण हा माणूस शिक्षणाने शेतीशास्त्रज्ञ होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सरकारी शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले, तिथल्या नामांकित कृषी महाविद्यालयात शिकले आणि पदव्या घेऊन परतले. परत आल्यावर सरकारने त्यांना डेप्युटी मॅजिस्ट्रेट केले. शेतीच्या उच्च शिक्षणावर सरकार पैसा खर्च करते, तेव्हा त्या पैशाचे पुढे काय होते, हा प्रश्न आजही विचारला जातो. त्या प्रश्नाचा आपल्या देशातला एक अगदी आरंभीचा धडा रायांच्या चरित्रात सापडतो.

द्विजेंद्रलाल यांचा जन्म १९ जुलै १८६३ रोजी नदिया जिल्ह्यातील कृष्णनगर येथे झाला. वडील कार्तिकेयचंद्र तेथील राजघराण्याचे दिवाण होते आणि उत्तम गायकही होते. द्विजेंद्रलाल तीन वर्षांचे असताना शेजारच्या ओरिसात भीषण दुष्काळ पडला. त्यात सुमारे दहा लाख माणसे मरण पावली. दहा वर्षांनी, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खन आणि मद्रास इलाख्याची तीच गत झाली. दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. केवळ अन्नछत्रे उघडून भागणार नाही, प्रत्येक प्रांतात शेती खाते हवे आणि शेतीचे ज्ञान असलेले अधिकारी हवेत, असा त्याचा रोख होता.

पण असे अधिकारी आणायचे कुठून? पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आणि मद्रासजवळच्या सैदापेठेत शेतीचे वर्ग सुरू झाले होते, पण त्यांचा पसारा लहान होता. बंगाल सरकारने वेगळा मार्ग निवडला. विद्यापीठाच्या निवडक पदवीधरांना शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडमधील सायरेन्सेस्टरच्या रॉयल ॲग्रिकल्चरल कॉलेजात पाठवायचे ठरले. गिरीशचंद्र बोस, नित्यगोपाल मुखर्जी, बेगम रुकैया यांचे पती सखावत हुसेन हे सारे या वाटेने गेलेले विद्यार्थी. १८८४ मध्ये इंग्रजी विषयात एम. ए. झालेल्या द्विजेंद्रलालांनाही ही शिष्यवृत्ती मिळाली. इंग्रजी साहित्याचा पदवीधर शेतीशास्त्र शिकायला निघाला, याचे तेव्हा कोणाला विशेष वाटले नाही. हुशार मुलगा कोणताही विषय शिकू शकतो, अशी त्या काळाची समजूत होती.

कॉट्सवोल्डची माती, बंगालची शेती

सायरेन्सेस्टरचे महाविद्यालय १८४५ मध्ये स्थापन झाले. शेती शास्त्रशुद्ध पद्धतीने शिकवणाऱ्या इंग्रजी भाषेतील सर्वांत जुन्या संस्थांपैकी ते एक होते. मातीचे रसायन, वनस्पतिशास्त्र, भूगर्भशास्त्र, पशुवैद्यक, जमिनीची मोजणी आणि शेतीचे हिशेब हे तिथले विषय. शिवाय महाविद्यालयाच्या शेतावर प्रत्यक्ष काम असे. परिसर कॉट्सवोल्डच्या टेकड्यांचा. तिथली माती चुनखडीची, पातळ आणि खडेयुक्त. पिके गहू, बार्ली आणि सलगम. सलगमाच्या शेतात मेंढ्या बसवून जमिनीला खत मिळवायचे, ही तिथली जुनी रीत.

यातले बंगालमध्ये जवळजवळ काहीच लागू पडणारे नव्हते. बंगालची जमीन गाळाची, पाऊस अतोनात, मुख्य पीक भात आणि त्यानंतर ताग. भाताचे खाचर कित्येक आठवडे पाण्याखाली असते. पाणी साचले की मातीतला प्राणवायू संपतो आणि तिचे रसायनच बदलते. कोरडवाहू गव्हाला मानवणारे नायट्रेट खत अशा चिखलात टिकत नाही. जिवाणू त्याचे विघटन करतात आणि नत्र वायुरूपाने हवेत निघून जाते. भाताला अमोनियाच्या रूपातले नत्र अधिक लाभते. ही गोष्ट शास्त्राला नीट कळायला विसावे शतक उजाडावे लागले. भाताच्या पाण्यात वाढणारे निळे-हिरवे शेवाळ हवेतले नत्र जमिनीला देते, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले. वर्षानुवर्षे फारसे खत न घालता बंगालची खाचरे पिकत कशी राहतात, या कोड्याचा एक दुवा तेव्हा हाती लागला. सायरेन्सेस्टरच्या वर्गात याचे उत्तर मिळणे शक्यच नव्हते.

ज्या वर्षी राय शिक्षण संपवून परतले, त्याच १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा शोध जाहीर केला. वाटाण्यासारख्या शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतले नत्र बांधून घेतात, असा तो शोध. धान्याबरोबर कडधान्य घ्यावे, हरभरा किंवा मूग घेतल्यावर पुढचे पीक चांगले येते, हे भारतीय शेतकऱ्याला अनुभवाने माहीत होते. त्यामागचे कारण आता प्रयोगशाळेत सिद्ध झाले. म्हणजे शेतीशास्त्र ऐन भरात येत असतानाच राय ते शिकून मायदेशी आले होते. त्यांच्यासारख्या तरुणांना त्या वेळी प्रयोगशाळा, प्रयोगशेत आणि स्थानिक पिकांवर काम करण्याची मोकळीक मिळाली असती, तर काय झाले असते?

तसे घडले नाही. बंगालमध्ये त्यांना सामावून घेणारे शेतीखाते नावापुरतेच होते. कृषी संशोधनाची संस्था नव्हती. परतलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांप्रमाणे रायांनाही महसूल आणि न्यायाच्या प्रशासनात नेमण्यात आले. मध्य प्रांतात जमीन मोजणी आणि सारा आकारणीचे प्रशिक्षण घेऊन ते डेप्युटी मॅजिस्ट्रेट झाले. हे केवळ बंगालमध्येच घडले असे नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी खासेराव जाधवांना सायरेन्सेस्टरला पाठवले होते. तेही पुढे संस्थानात सुभा म्हणून प्रशासनातच नावाजले.

घरी परतल्यावर रायांपुढे आणखी एक संकट उभे राहिले. समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्त घ्या, असा समाजाचा आग्रह होता. त्यांनी नकार दिला आणि बहिष्कार सोसला. त्या अनुभवावर त्यांनी 'एकघरे' हे उपरोधिक पुस्तक लिहिले. वाळीत टाकलेला, असा त्या शब्दाचा अर्थ. शिष्यवृत्तीची खरी किंमत केवळ सरकारी तिजोरीतून जात नव्हती. ती विद्यार्थ्याला आपल्या घरादाराच्या संबंधांतूनही चुकवावी लागत होती.

मोजणीची साखळी आणि रयतेचा सारा

रायांच्या शिक्षणाचा उपयोग झालाच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. तो एका अनपेक्षित ठिकाणी झाला. १८९० मध्ये ते मेदिनीपूर जिल्ह्यातील सुजामुठा परगण्यात सेटलमेंट अधिकारी होते. हा परगणा बर्दवानच्या जमीनदारीतला. नव्याने मोजणी झाली की अनेक कुळांच्या ताब्यातली जमीन जुन्या कागदांपेक्षा जास्त भरत असे. जमीन जास्त निघाली म्हणजे सारा वाढवायचा, असा तोपर्यंतचा शिरस्ता होता.

रायांनी तो मान्य केला नाही. जुनी मोजणी अंदाजाने, ढोबळ मापांनी झालेली होती. नवी मोजणी अधिक काटेकोर होती. दोन्हींतला फरक हा मोजण्याच्या पद्धतीतला फरक असू शकतो. कुळाने खरोखर जास्तीची जमीन बळकावली, हे जमीनदाराने दाखवून दिल्याशिवाय नुसत्या आकड्यावरून सारा वाढवता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. मोजमापाचे शास्त्र शिकलेला माणूसच असा विचार करू शकतो. दोन मापे वेगळी आली तर आधी मापनाची चूक तपासायची, हा प्रयोगशाळेतला पहिला नियम त्यांनी महसुलाच्या कागदांना लावला.

यावरून बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांशी त्यांचा खटका उडाला. वरिष्ठांची नाराजी ओढवली, पण त्यांनी निर्णय बदलला नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर उच्च न्यायालयात त्यांचे म्हणणे ग्राह्य ठरले. त्या भागातल्या शेतकऱ्यांनी त्यांना 'दयाल राय' म्हणायला सुरुवात केली. बी-बियाणे आणि खते यांतून जे करायला त्यांना पाठवले होते, ते त्यांना करता आले नाही. पण हजारो कुळांवरचा वाढीव सारा टळला. दुष्काळात माणसे मरतात ती केवळ धान्य नसल्याने मरत नाहीत, ते विकत घ्यायला पैसा उरलेला नसतो म्हणूनही मरतात. त्या अर्थाने हेही अन्नसुरक्षेचेच काम होते.

नोकरीत त्यांच्या सतत बदल्या होत गेल्या. कधी अबकारी खात्यात निरीक्षक, तर कधी भूमी अभिलेख आणि शेती खात्यात सहायक संचालक. १९०६ मध्ये त्यांचे 'क्रॉप्स ऑफ बेंगॉल' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. बंगालमधल्या शेतीच्या प्रत्यक्ष पद्धती त्यात त्यांनी नोंदवल्या. इंग्लंडहून परतल्यावर वीस वर्षांनी का होईना, शेतीशास्त्राचा विद्यार्थी पुन्हा आपल्या विषयाकडे आला होता. त्याच काळात त्यांची मोठी नाटके लिहून होत होती. १९०३ मध्ये पत्नी सुरबाला यांचे निधन झाले होते आणि दोन लहान मुलांची जबाबदारी त्यांच्यावर होती. १९१३ मध्ये त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि त्याच वर्षी १७ मे रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. वय पन्नासही नव्हते. त्यांचे पुत्र दिलीपकुमार राय हे गायक आणि लेखक. ते पुढे पुण्यात स्थायिक झाले. त्यांनी इंदिरादेवींसह स्थापन केलेले हरिकृष्ण मंदिर पुणेकरांच्या परिचयाचे आहे.

पैसा होता, जागा नव्हती

रायांच्याच बरोबरीच्या दोघांची वाट वेगळी ठरली. नित्यगोपाल मुखर्जी यांना रेशमाच्या किड्यांवरील रोगाचे काम मिळाले. पेब्रिन हा रोग किड्याच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो. मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून निरोगी मादीचीच अंडी ठेवायची, ही पाश्चरची पद्धत त्यांनी बंगालच्या रेशीम उत्पादकांपर्यंत नेली. पुढे त्यांनी भारतीय शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि शिबपूरच्या महाविद्यालयात अध्यापन केले. गिरीशचंद्र बोस यांनी सरकारी नोकरीची वाट सोडून कोलकात्यात बंगबासी महाविद्यालय उभारले आणि शेतीविषयक नियतकालिक चालवले. तिघेही एकाच शिष्यवृत्तीवर, एकाच महाविद्यालयात शिकले. फरक पडला तो परतल्यावर हाती आलेल्या कामामुळे.

१८८९ मध्ये जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडचे कृषी रसायनतज्ज्ञ भारतात येऊन वर्षभर हिंडले. भारतीय शेतकरी अडाणी नाही, त्याला साधने मिळत नाहीत, असा त्यांच्या १८९३ च्या अहवालाचा निष्कर्ष होता. शेणाच्या गोवऱ्या जळणात जातात म्हणून जमिनीला खत मिळत नाही, तेव्हा सरपणासाठी झाडे लावा, ही त्यांची सूचना आजही वाचण्यासारखी आहे. अशा प्रश्नांवर इथल्या मातीत राहून काम करणारी संस्था हवी, हे सरकारला पटायला आणखी बारा वर्षे गेली. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे हेन्री फिप्स या अमेरिकन दात्याच्या देणगीतून कृषी संशोधन संस्था उभी राहिली. तोवर सायरेन्सेस्टरचे बहुतेक विद्यार्थी कचेरीत मुरले होते.

आज भारतीय कृषी अनुसंधान परिषद पदव्युत्तर आणि पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांना फेलोशिप देते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांतील मुले ती मिळवण्यासाठी झटतात. परदेशी जाण्याची सक्ती उरली नाही, समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्तही नाही. तरी कृषी पदवीधरांची मोठी संख्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत दिसते आणि त्यातले कित्येक तहसीलदार किंवा पोलीस अधिकारी होतात. त्यात त्यांचा दोष नाही. संशोधकाच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहत असतील, तर शिकलेला माणूस जिथे काम मिळेल तिथे जाणार.

शिष्यवृत्ती म्हणजे बियाण्याचा खर्च. पेरायला वाफसा असलेले रान तयार नसेल, तर उत्तम बियाणेही वाया जाते. बंगाल सरकारने बियाणे निवडण्यात चूक केली नव्हती. द्विजेंद्रलाल राय जिथे पडले तिथेही रुजले, हे आपले भाग्य. पण शेतीशास्त्राने त्या वर्षांत एक चांगला माणूस गमावला. आणि ज्या खाचरांचे कोडे सोडवण्यासाठी त्याला पाठवले होते, ती पुढची कित्येक दशके उत्तराची वाट पाहत राहिली.