लक्ष्मीबाईंची पाच वर्षे

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गीते आपण उपासनेत मोठ्या प्रेमाने गातो. पण त्यांच्याच घरात इच्छास्वातंत्र्याचा जो धडा घडला, तो शब्बाथ शाळेत क्वचितच सांगितला जातो. तो धडा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील कमालीचे सोवळे. लहानपणीच त्यांचे टिळकांशी लग्न झाले. तेव्हा त्यांची इच्छा कोणी विचारली नव्हती, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हाही विचारली नाही. टिळक आपल्या विवेकबुद्धीला जागले हे खरे; पण त्याची झळ बायकोला सोसावी लागली, हेही आपण प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. लहानग्या दत्तूसह त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. काही काळ पंढरपुरासही होत्या.

पुढे त्या नगरकडे पतीकडे परत आल्या, पण हिंदू म्हणूनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. नवऱ्याचा शब्द शेवटचा मानण्याचे ते दिवस, त्यात टिळक तापट. तरी बाप्तिस्म्याची अट त्यांनी घातली नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाशीच सोडविला. माणसाने केल्या, असे ठरताच त्या कोणाच्याही हातचे पाणी घेऊ लागल्या. ख्रिस्ती होण्याचे मात्र अजून ठरले नव्हते!

पाचारण देवाचे, हे आपण शिकवतोच. परंतु प्रकटीकरण ३:२० मधला प्रभू दाराबाहेर उभा आहे; कडी आतल्या माणसाने काढायची असते. आमच्या आदिलाबादकडच्या मराठी घरांतही एकजण आधी विश्वासात येतो, बाकीचे मागे राहतात. अशा वेळी पाळकसाहेबांना सांगून सगळ्यांची नावे एकदम नोंदवून घ्यावीत, असे वाटते. मलाही वाटलेले आहे. टिळक थांबले.

१९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. ९ मे १९१९ रोजी टिळक प्रभूकडे गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य अपुरे होते. त्याचे पुढचे चौसष्ट अध्याय, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईंनी लिहिले.