रोमला धाक घालणारा अ‍ॅटिला

इ. स. ३९५ मध्ये रोमन साम्राज्याची दोन शकले झाली. पूर्वेचा दरबार कॉन्स्टॅन्टिनोपलला, तर पश्चिमेचा पुढे राव्हेन्नाला भरू लागला. या दोन्ही दरबारांची झोप उडवणारा हूणांचा राजा अ‍ॅटिला डॅन्यूब नदीपलीकडच्या गवताळ मैदानातून आला.

इ. स. ४३४ मध्ये चुलता रुआ मरण पावला आणि अ‍ॅटिला व ब्लेडा हे बंधू सत्तेवर आले. पूर्व रोमकडून मिळणारी वार्षिक खंडणी त्यांनी ३५० पौंड सोन्यावरून ७०० पौंडांवर नेली. पुढे ती २,१०० पौंडांवर गेली. इ. स. ४४५ च्या सुमारास ब्लेडा मारला गेला. त्याचा घात अ‍ॅटिलानेच केला, असे प्राचीन इतिहासकार सांगतात.

इ. स. ४४९ मध्ये पूर्व रोमचे शिष्टमंडळ अ‍ॅटिलाकडे गेले. त्यात प्रिस्कस हा इतिहासकार होता. मेजवानीत पाहुण्यांपुढे चांदीची ताटे होती. यजमान मात्र लाकडी ताटात जेवत होता. विदूषकाच्या चाळ्यांनी सारे हसत असता तो गंभीरच राहिला. धाकटा मुलगा एर्नाक जवळ येताच मात्र त्याची मुद्रा निवळली. याच शिष्टमंडळाच्या आडून कॉन्स्टॅन्टिनोपलच्या दरबाराने त्याच्या खुनाचा कट रचला होता. प्रिस्कसला त्याचा पत्ता नव्हता. ज्या हूण सरदाराला फितवले होते, त्यानेच धन्याला सारे सांगितले. लाचेचे ५० पौंड सोने पकडले गेले. पण रानटी म्हणून हिणवल्या गेलेल्या या राजाने वकिलांना जिवंत परत पाठवले.

पश्चिमेच्या सम्राटाची बहीण होनोरिया हिने नकोशा विवाहातून सुटण्यासाठी अ‍ॅटिलाला अंगठी पाठवली. त्याने ती वाङ्‌निश्चयाची खूण मानून अर्धे साम्राज्य मागितले. इ. स. ४५१ मध्ये गॉलमध्ये कॅटालौनियन मैदानावर त्याची गाठ रोमन सेनापती एइटियसशी पडली. एइटियस तरुणपणी हूणांकडे ओलीस राहिलेला. त्यांची रणनीती तो जाणून होता. व्हिसिगॉथ राजा थिओडोरिक कामी आला, पण अ‍ॅटिलाला माघार घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी त्याने इटलीतील अक्विलेया उद्ध्वस्त केले. पोप लिओ त्याला भेटले आणि तो परतला. त्या वेळी त्याचे सैन्य उपासमार व रोगराईने पोखरले होते, हेही विसरता येत नाही.

इ. स. ४५३ मध्ये इल्डिको या तरुणीशी विवाह झाला, त्याच रात्री रक्तस्रावाने त्याचा अंत झाला. पुढच्याच वर्षी मांडलिक जमातींनी नेडाओच्या लढाईत त्याच्या मुलांचा पराभव केला. एका माणसाच्या दराऱ्यावर उभे असलेले राज्य त्याच्यामागे टिकले नाही.

१९५४ मध्ये जॅक पॅलन्स आणि अँथनी क्विन या दोघांनी वेगवेगळ्या चित्रपटांत अ‍ॅटिला रंगवला. हूणांनी स्वतःचा लेखी इतिहास ठेवला नाही. त्यामुळे जगाला ठाऊक असलेला अ‍ॅटिला बव्हंशी त्याच्या शत्रूंनी लिहिलेला आहे. त्या लाकडी ताटाची आठवणही एका रोमन पाहुण्यानेच जपली.