रंगभूमीला रागविद्या देणारे वझेबुवा

मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात गाणाऱ्या नटांची नावे आधी येतात आणि चाली देणाऱ्यांची मागाहून. गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे यांच्याही वाट्याला हेच आले.

सावंतवाडी संस्थानातील वझरे हे त्यांचे जन्मगाव. तान्हेपणीच वडील गेले आणि आईने कागल गाठले. मुलाची ओढ पाहून त्याला गाणे शिकविण्याची व्यवस्था झाली. त्यात मालवणच्या विठोबाअण्णा हडपांची तालीमही मिळाली. बाराव्या वर्षी लग्न झाले. घरात दारिद्र्य, पुढील विद्येची सोय नाही. तेव्हा हा मुलगा घर सोडून उत्तरेकडे निघाला आणि हालअपेष्टा सोसत ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँ यांच्या दारी पोहोचला. तो काळ विद्या झाकून ठेवण्याचा होता. एकेका चिजेसाठी सेवा करावी लागे. बुवांनी ती केली आणि अनवट रागांचा मोठा संग्रह घेऊन ते परतले.

हे धन त्यांनी नाटकवाल्यांना दिले. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’साठी त्यांनी मामा वरेरकरांच्या ‘संन्याशाचा संसार’ला चाली दिल्या. पण त्यांची खरी खूण उमटली ती ‘बलवंत संगीत मंडळी’वर. १९१८ साली निघालेल्या या मंडळीचे प्रमुख गायकनट मास्टर दीनानाथ मंगेशकर. त्यांचा गळा विलक्षण चपळ, तान विजेसारखी. १९२७ साली वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभी’ आले तेव्हा बुवांनी या विजेला रागाचा भक्कम घाट दिला. पद ऐकताना मागची बंदिश जाणवावी, तरी नटाला विस्ताराची मोकळीक राहावी, अशी ती रचना. १९३१ मध्ये रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या ‘संन्यस्त खड्ग’लाही त्यांचेच संगीत होते. त्या नाटकातील पदे आजही मैफलीत गायिली जातात. नाटक मात्र क्वचितच दिसते.

पुढे बोलपटाने मंडळ्या मोडल्या. ‘बलवंत’ही त्यातून सुटली नाही. बुवांनी मात्र आणखी एक धाडस केले. ज्या चिजांसाठी उमेदीची वर्षे वेचली, त्या त्यांनी ‘संगीत कला प्रकाश’ या ग्रंथात स्वरलिपीसह सर्वांसाठी छापल्या. त्याचा पहिला भाग १९३८ साली निघाला. स्वतःची जीवनकथाही त्यांनी त्यातच सांगितली.

१९४२ मध्ये दीनानाथ पुण्यात निवर्तले, तेव्हा गुरू हयात होते.