झाडपाला आणि खानोलकरांचा तराजू

यवतमाळ जिल्ह्यात एखाद्या घरी कर्करोगाची शंका आली की त्या घरापुढे दोन वाटा उभ्या राहतात. एक नागपूरच्या नाहीतर मुंबईच्या इस्पितळाकडे जाते, तर दुसरी जवळपासच्या गावात झाडपाल्याचे औषध देणाऱ्याच्या दारी. पहिल्या वाटेवर खर्च आहे, भीती आहे. तपासणीसाठी तुकडा काढला की रोग पसरतो, हा गैरसमजही आहे. दुसऱ्या वाटेवर ओळखीचा माणूस भेटतो आणि वनस्पतीच ती, तिने काय अपाय होणार, असा दिलासा मिळतो. अशा वेळी एका मराठी शास्त्रज्ञाची आठवण व्हावी. त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर.

गोमंतकाशी नाते असलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला, तो मात्र दूर क्वेट्टा येथे. १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी घेऊन ते परतले आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवू लागले. शरीरातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाची ओळख पटवणे हे या शास्त्राचे काम. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

कर्करोग हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्याकडे तो विरळाच, अशी समजूत त्या काळी होती. खानोलकरांनी तिच्याशी वाद घातला नाही. त्यांनी मोजायला सुरुवात केली. रोगी कोण, कुठला, काय खातो, काय चघळतो, कसे कपडे घालतो, याची नोंद होऊ लागली. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या जागी त्वचेचा कर्करोग होतो, हे त्यांनी नोंदवले. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचेही या नोंदींतून पुढे आले. १९५५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध आकडेवारीने मांडला.

येथे क्षणभर थांबावे. तंबाखू म्हणजे तरी काय? वनस्पतीचेच पान. सुपारी हे झाडाचेच फळ, आणि तीही कर्करोगाला कारण होते, हे आता जगभर मान्य झाले आहे. आपल्याकडच्या पानठेल्यावर घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्यात चुन्यासोबत या दोन्ही वस्तू एकत्र येतात. निसर्गातले ते निरुपद्रवी, हे म्हणणे आपल्याच खिशातली पुडी खोटे ठरवते.

मग वनस्पतींवर विश्वासच ठेवू नये काय? तसेही नाही. अंगणातली सदाफुली पाहा. मधुमेहावर तिचा काढा देतात म्हणून कॅनडातील संशोधकांनी तो तपासला. साखरेवर गुण दिसेना, पण उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन पुढे आले. पाठोपाठ आलेल्या व्हिन्क्रिस्टिनने मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांचे रूप पालटले. आपल्या नंदुरबारला जन्मलेले डॉ. मनसुख वाणी यांनी अमेरिकेत डॉ. मन्रो वॉल यांच्यासह एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन आणि एका वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळे केले. त्यांचे निष्कर्ष १९६६ आणि १९७१ साली प्रसिद्ध झाले. हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे.

पण म्हणून सदाफुलीची पाने चावून खाणे हा उपचार होत नाही. तिच्यातील द्रव्ये विषारी आहेत. ती रक्तपेशींना आणि मज्जातंतूंना इजा करतात. द्रव्य वेगळे काढणे, मात्रा ठरवणे, प्राण्यांवर आणि मग माणसांवर परीक्षा घेणे, किती बरे झाले आणि किती नाही हे मोजणे, इतके झाल्यावर पानाचे औषध होते. खानोलकरांनी ज्या तराजूत तंबाखू तोलली, त्याच तराजूत सदाफुलीही तोलली गेली. एकीचा दोष सिद्ध झाला, दुसरीचा गुण.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, त्याचे ते संस्थापक संचालक. १९५५ साली पद्मभूषण आणि पुढे १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, असे मानही त्यांना लाभले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले. त्यांचा तराजू मात्र आपल्याला घरीही वापरता येतो. औषध देणारा कितीही सज्जन असो, त्याला विचारावे: किती जणांना दिले? त्यांचा रोग तपासणीने ठरला होता काय? न बरे झालेल्यांची नोंद कुठे आहे? इस्पितळातल्या उपचारांसोबत काढा घ्यायचाच असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये. काही वनस्पती औषधांच्या परिणामात अडथळा आणतात.

आणि तोंडातला चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तोंड उघडेनासे झाले, तर आधी तपासणी करून घ्यावी. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. तो काय आहे ते कळते. आरंभी सापडलेला तोंडाचा कर्करोग पुष्कळदा बरा होतो. झाडपाल्यात गेलेले चार महिने मात्र परत मिळत नाहीत. खर्ऱ्याची पुडी आजच दूर सारणे, हा तर या रोगाच्या प्रतिबंधाचा सर्वांत खात्रीचा आणि बिनखर्चाचा उपाय.